कुठलीही चालेल

"कुठलीही चालेल" हे आपल्या घरातल्या मोठ्या माणसांचं सगळ्यात फसवं वाक्य आहे, असं माझं ठाम मत आहे. चहा की कॉफी? काहीही चालेल. पंखा लावू का? लावला तरी चालेल, नाही लावला तरी चालेल. याचा अर्थ खरंच चालेल असा फार क्वचित असतो. बहुतेक वेळा अर्थ असतो, "मला काय हवंय ते तू ओळख." आणि प्रश्न पैशांचा असला की अर्थ आणखी बदलतो: "मला हवंय ते महाग असणार. तुला खर्चात कशाला पाडू?"

विषय निघायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ मन्या. मन्या पुढच्या जूनमध्ये मावशी-काकांना अलास्काच्या क्रूझवर नेणार आहे. ठाण्याहून चौघं इकडे सिएटलला येणार, चार दिवस आमच्याकडे मुक्काम आणि मग सात दिवस बोट. आम्ही २०२४ च्या जूनमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन हीच सहल केली होती, म्हणून खोली कुठली घ्यावी हे विचारायला त्याचा फोन आला. विचारायला म्हणजे सांगायलाच. सगळं ठरवून झालं होतं. त्याला आणि बायकोला बाल्कनीवाली, मावशी-काकांना आतली. "अगं त्यांना काय, खोलीत झोपायलाच तर जायचंय. आणि मी आईला विचारलं ना! म्हणाली, कुठलीही चालेल."

फोनवर पुरतं बोलणं झालं नाही (मागे माझी दोन रत्नं रिमोटवरून मारामारी करत होती), म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मन्या, रागावू नकोस. मावशी, तू हे वाचतेस हे मला पक्कं ठाऊक आहे. तूही रागावू नकोस.

जे कधी क्रूझला गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटीवरच्या खोल्या साधारण चार प्रकारच्या. आतली, म्हणजे बोटीच्या पोटातली, चारही बाजूंनी भिंती. खिडकीची, हिला जाड काच असते आणि ती उघडत नाही. बाल्कनीची. आणि स्वीट, ज्याचे दर बघून आपण पान उलटायचं. आतली खोली दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. चाळीतली दहा बाय बाराची खोली आठवा, त्यात एक न्हाणीघर घाला आणि खिडकी काढून टाका. बाकी सोय चोख असते. पलंगाखाली बॅगा जातात, आणि माणसं जास्त असतील तर छतातून वरचे बंक खाली येतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडंही बरंच कमी पडतं.

आतल्या खोलीबद्दल माझं काही वाकडं नाही, हे आधी सांगते. २०११ मध्ये मी आणि नवरा फ्लोरिडाहून बहामाजला गेलो होतो तेव्हा आतलीच घेतली होती आणि कुंभकर्णासारखे झोपलो होतो. दिवा मालवला की असा काळोख, की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळू नये. टीव्हीवर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनल लावून ठेवायचा, आवाज बंद, झाली खिडकी! दिवसभर आम्ही वर, बाहेर, पाण्यात. खोलीत फक्त ओले टॉवेल टाकायला जायचो. तिशीतल्या जोडप्याला "झोपायलाच तर जायचंय" हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. क्रूझवर लिहिणारे सगळे हाच सल्ला देतात, आणि ते बहुतेक स्वतः चालते-फिरते लोक असतात.

पण सत्तरी ओलांडलेली माणसं बोटीवर दिवस कसा घालवतात हे कुणी बघितलंय का? मी सात दिवस बघितलंय. आई आणि अण्णा पहाटे पाचच्या आत जागे. नाश्त्याला वर. मग तासभर डेकवर, तोही वारा सोसवेल तेवढाच. मग खोली. जेवण, परत खोली, दुपारची वामकुक्षी. संध्याकाळी नाटक-गाणी बघायला पोरांच्या आग्रहाखातर थोडा वेळ, आणि साडेआठला पुन्हा खोली. आम्ही चौघं खोलीत झोपेपुरते होतो, ते दोघं दिवसातले पंधरा-सोळा तास होते. म्हणजे ज्याला खोली फक्त झोपायला लागते त्याने बाल्कनी घ्यायची आणि ज्याला ती राहायला लागते त्याला चार भिंती द्यायच्या. हा कुठला हिशोब?

रेल्वेत आपण असं करत नाही बघा. कोकणकन्येत लोअर बर्थ एकच असेल तर तो आजीचा, यावर घरात मतदान होत नाही. मग बोटीवरच हे उलटं का होतं? मला वाटतं, बाल्कनी म्हणजे चैन असं डोक्यात बसलेलं असतं आणि चैन ही तरुणांनी करायची गोष्ट. शिवाय "त्यांना आता काय बघायचंय" हेही मनात कुठेतरी असतं. बोलून कुणी दाखवत नाही एवढंच.

आता अलास्काचं खास. जूनमध्ये तिकडे पहाटे चारच्या सुमाराला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यात भारतातून नुकतंच आलेलं माणूस, झोपेचं वेळापत्रक आधीच उलटंपालटं. अशा माणसाला खिडकी नसलेल्या खोलीत पहाटे तीनला जाग आली की तो काय करणार? घड्याळात तीन दिसतात, पण दुपारचे की रात्रीचे ते कळायला दार उघडून कॉरिडॉरमध्ये जायचं, तिथेही दिवे चोवीस तास सारखेच. आमच्या आईंनी दुसऱ्याच दिवशी सकाळी पडदा सारत म्हटलं, "या खोलीत उजाडलेलं कळतं तरी." त्यांना समुद्राचं फारसं कौतुक नाही. पण उजाडलेलं कळलं पाहिजे, त्याशिवाय त्यांची पोथी सुरू होत नाही.

केचिकानला त्यांचा गुडघा दुखायला लागला. वर पाऊस. केचिकानला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणाची आठवण यावी असाच. आई म्हणाल्या, "तुम्ही जा, मी बसते." आम्ही चार तासांनी भिजून परत आलो तर बाई खिडकीशी खुर्ची ओढून बसलेल्या आणि चेहऱ्यावर नुकताच मोठा सिनेमा बघितल्याचा आनंद. त्या बाजूला गावासमोरची खाडी होती आणि तिथे समुद्रावर उतरणारी छोटी विमानं असतात. चाकांच्या जागी लांबट तरंगणारे पाय असलेली. ती पाण्यावर धावत जाऊन उडतात आणि परत येऊन बदकासारखी टेकतात. आईंनी एकवीस मोजली होती. आम्ही गावात जाऊन एक टोपी आणि दोन फ्रीजवर चिकटवायची चित्रं आणली. पुण्याला परत गेल्यावर त्यांनी सोसायटीत सांगितलं ते विमानांचं. ग्लेशियर दुसऱ्या नंबरवर.

अण्णांची गोष्ट निराळी. अण्णा मूळचे देवगडचे. मुंबईला शिकायला आले ते कोकणबोटीने. पडावातून हेलकावे खात मोठ्या बोटीपर्यंत जायचं, वर चढायचं आणि डेकवर वळकटी पसरून जागा धरायची. केबिन असते हे त्यांना ऐकून माहीत, आत डोकावलेलं सुद्धा नाही. भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत अंगावर खारं पाणी आणि शेजारच्याच्या फणसाचा वास. अशा माणसाला साठ वर्षांनी बोटीवर न्यायचं आणि समुद्र दिसणार नाही अशा खोलीत ठेवायचं हे मला पटणं शक्यच नव्हतं. अर्थात विचारल्यावर तेही म्हणालेच होते, "मला कुठलीही चालेल. आम्ही डेकवर झोपलेली माणसं."

ग्लेशियर बेला बोट शिरते त्या दिवशी पहाटेपासून ते खिडकीत होते. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझबोटींना परवानगी असते, त्यामुळे गर्दी नाही, सगळं शांत. पार्कचे रेंजर्स बोटीवर चढतात आणि स्पीकरवरून माहिती देत राहतात. मार्जरी ग्लेशियरसमोर बोट तासभर थांबते आणि जागच्या जागी हळूहळू वळते, दोन्ही बाजूंना सारखं दिसावं म्हणून. सगळी जनता वरच्या डेकवर, कानटोप्या घालून, एकमेकांच्या खांद्यांवरून फोटो काढत. आम्हीही. अण्णा पंधरा मिनिटं वर आले, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे खाली गेले. खालच्या मजल्यावरून बर्फाचे तुकडे अगदी शेजारून जाताना दिसतात, वरून ते साबुदाण्यासारखे वाटतात. माझा धाकटा थोड्या वेळाने आजोबांकडे पळाला तो वर आलाच नाही.

बाल्कनी घ्याच असं मात्र मी म्हणत नाहीये, मंडळी. अलास्कात म्हाताऱ्या माणसांसाठी खिडकीच बरी असं माझं मत झालंय. बाल्कनीचं सरकतं दार जड असतं, वारा सुटला की ओढताना माझाच खांदा दुखावला असता. बाहेर बसायचं तर स्वेटर, शाल, मफलर. आणि बाल्कन्या बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात. बोट डावी-उजवीकडे कलते तेव्हा जितकं वर तितकं जास्त हलतं. पुढे-मागे सी-सॉसारखी होते तेव्हा टोकाच्या खोल्या जास्त हलतात. डावं-उजवं डोलणं कमी करायला बोटीला पाण्याखाली पंख असतात, पण सी-सॉला त्यांचा फारसा इलाज नाही. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी म्हणून खालचा मजला आणि लांबीच्या बरोबर मधली खोली. सिएटलहून सुटणाऱ्या बोटी बऱ्याचदा व्हँकूवर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, तेव्हा पहिली रात्र आणि दुसरा दिवस हलतंच. बोट लागण्याचं कारणच असं, की कान सांगतात हलतंय आणि डोळे सांगतात स्थिर आहे. खिडकीतून क्षितिज दिसलं की दोघांचं भांडण जरा मिटतं. आतल्या खोलीत ते मिटायला काही उपायच नाही.

खोली ठरवताना बोटीचा नकाशा, म्हणजे डेक प्लॅन, उघडून बसायचं. फ्लॅट घेताना बघतो तसं वर काय आणि खाली काय ते बघायचं. वर स्विमिंग पूलचा किंवा जेवणाचा मजला असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येणार. खाली नाटकगृह किंवा नाचाची जागा असेल तर रात्री धडधड. अगदी पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर खोली असेल तर बंदरात शिरताना यंत्रांची घरघर आणि नांगराची साखळी उशाशी. सगळ्यात उत्तम म्हणजे वरही खोल्या आणि खालीही खोल्या. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर पलीकडच्याचं घोरणं फुकट ऐकायला मिळतं. खिडकीची खोली स्वस्तात दिसली तर खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हेही बघायचं.

डावी बाजू की उजवी, यावर मन्याने बराच खल केला होता. पूर्वी विलायतेहून हिंदुस्थानात येणारे साहेब लोक उन्हापासून वाचायला जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली घेत आणि त्यावरून 'पॉश' हा शब्द आला, अशी एक लाडकी कथा आहे. तिला पुरावा कुणालाही सापडलेला नाही, पण कथा छान आहे. अलास्काला जाताना जमीन साधारण उजवीकडे, येताना डावीकडे, आणि ग्लेशियरसमोर बोट फिरतेच. तेव्हा बाजूचा विचार सोड, मन्या.

विचार लिफ्टचा कर. बोट हजार फूट लांब, कॉरिडॉर संपता संपत नाही, आणि अण्णांना पहाटे पाचला चहा लागतो. अमेरिकन बोटींवर खोलीत किटली सहसा नसते आणि घरून नेलेली विजेची किटली चढतानाच काढून घेतात. म्हणजे गरम पाण्यासाठी वर जाणं आलं. लिफ्टपासून सहा-सात दारांवरची खोली मिळाली तर ही फेरी सुखाची होते. अगदी लिफ्टसमोरची नको, लोक तिथे उभे राहून गप्पा मारतात. न्हाणीघराच्या दारात उंबरठा असतो तो आधी दाखवून ठेवायचा. आणि पलंग दोन वेगळे हवेत की जोडून, हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं. आमच्याकडे हा प्रश्न मी विचारल्यावर दोघंही एकदम म्हणाले, "वेगळे!" यावर मात्र कुणी "कुठलेही चालतील" म्हणालं नाही.

"गॅरंटी" नावाचा एक स्वस्त प्रकार असतो. त्यात तुम्ही फक्त प्रकार निवडता, खोली कंपनी देईल ती. एकट्यादुकट्याला ठीक आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांना कंपनी कुठल्या टोकाला टाकेल सांगता येत नाही, तेव्हा तो नको.

आम्ही केलं ते असं. आई-अण्णांना तिसऱ्या अंगाची, म्हणजे खालची, मधली, खिडकीची. आणि कॉरिडॉरच्या बरोबर पलीकडे, समोरासमोर दार, आम्हा चौघांना आतली. दोन खाली, दोन वरच्या बंकवर. आतल्यापेक्षा खिडकीला आम्हाला माणशी दीडशे-पावणेदोनशे डॉलर जास्त पडले, बाल्कनीला चारशेच्या आसपास पडले असते. चारशे डॉलर थोडे नाहीत, कबूल. पण जुनोला हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर उतरवतात त्या दोन-अडीच तासांच्या सहलीलाही जवळपास तेवढेच लागतात आणि तिच्यासाठी लोक रांगा लावतात. दिवसभर पोरं आजी-आजोबांच्या खिडकीत, रात्री आमच्या काळोखात. आम्हा दोघांना बाल्कनी हवी होती का? हवी होती! नवऱ्याने तर तीन वेळा फोटो दाखवले. जाऊ पुढे कधीतरी, पोरं कॉलेजात गेली की.

तर मन्या, पैसे तुझे, हौस तुझी, बाल्कनी खुशाल घे. मी तुझ्या बाल्कनीच्या आड येत नाही. पण मावशी-काकांना मधली खिडकी दे. आणि दोन्ही जमत नसेल तर बाल्कनी सोड, दोन खिडक्या घे, शेजारी-शेजारी. काका हल्ली संध्याकाळी फाटकापर्यंत सुद्धा खाली उतरत नाहीत, हे तूच मला सांगितलंस. एवढा लांबचा प्रवास ते पुन्हा करतील असं तुला वाटतं का?

आणि मावशी, मी शनिवारी तुमच्या सकाळी फोन करते, मन्या उठायच्या आत. खिडकी हवी की नको एवढंच सांग. पैशांचं मी विचारणार नाही आणि तूही काढायचं नाहीस.

ता. क. खोलीच्या नादात कॅनडाचा व्हिसा विसरू नका. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, त्यामुळे परदेशी झेंड्याच्या या बोटींना सिएटलहून निघून सिएटललाच परतायचं तर मध्ये एका परदेशी बंदराला टेकावं लागतं. ते बहुतेक व्हिक्टोरिया असतं, शेवटच्या संध्याकाळी चार-पाच तास. उतरा न उतरा, भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागतो, नाहीतर सिएटललाच बोटीवर चढू देत नाहीत. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही बघून ठेवा. अर्ज आत्ताच करा, जून लांब वाटतो पण नसतो.